गोठणारे पाणी आणि दारापुढचा काँक्रीट रस्ता

गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. उत्तर अमेरिकेतल्या घरांपुढच्या काँक्रीटच्या ड्राइव्हवेचा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरत आला आहे. ड्राइव्हवे म्हणजे सार्वजनिक रस्त्यापासून घराच्या गॅरेजपर्यंत मोटार नेण्यासाठी बांधलेली खासगी वाट. जेमतेम ४ ते ६ इंच जाडीची, जमिनीवर टेकलेली, आभाळाखाली उघडी पडलेली ही लादी. इमारतीच्या खांबांवर छप्पर असते, पाणी ओघळून जायला उभे अंग असते. या लादीला दोन्ही नाही. पाऊस तिच्यावर पडतो, बर्फ तिच्यावर साचतो, जमिनीतली ओल तिच्यात खालून चढते. हमरस्त्यामागे अभियंते, प्रयोगशाळा आणि सरकारी निधी असतो. घरापुढची वाट मात्र तीन-चार गवंडी दिवसाभरात उरकून जातात. म्हणून हमरस्त्यांवर मिळालेले ज्ञान घराच्या दारापर्यंत पोचायला नेहमीच वेळ लागला, आणि त्या उशिराची किंमत घरमालकांना मोजावी लागली.

थंड प्रदेश म्हटले की ध्रुवाकडची कायम गोठलेली जमीन आठवते. काँक्रीटचे खरे हाल मात्र ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क, दक्षिण ओंटारिओ अशा मुलखांत होतात. तिथे हिवाळ्यात दुपारी बर्फ वितळतो आणि रात्री तेच पाणी पुन्हा गोठते. एका मोसमात असे फेरे कितीतरी वेळा होतात. एकदाच कडक गोठून वसंतापर्यंत तसेच राहणारे काँक्रीट त्या मानाने सुखी. गोठण्या-वितळण्याच्या प्रत्येक फेऱ्यात पाणी थोडे आणखी आत शिरते, आणि पुढच्या रात्री थोडे आणखी नुकसान करून जाते.

काँक्रीटचे रस्ते येण्यापूर्वी अमेरिकेत सिमेंट होतेच. न्यूयॉर्क राज्यातल्या रोझेंडेल गावाजवळच्या चुनखडीपासून १८२५ च्या सुमारास कालव्यांच्या बांधकामासाठी नैसर्गिक सिमेंट तयार होऊ लागले. ब्रुकलिन पुलात आणि स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात तेच वापरले आहे. इंग्लंडमध्ये लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले होते. ते जहाजाने अमेरिकेत येई आणि महाग पडे. पेनसिल्व्हेनियातल्या कोप्ले इथल्या डेव्हिड सेलरने १८७१ मध्ये अमेरिकेतले पहिले पोर्टलंड सिमेंटचे पेटंट मिळवले आणि हा उद्योग तिथेच उभा राहू लागला. पोर्टलंड सिमेंट लवकर ताकद धरणारे होते, आणि रोझेंडेलचे सिमेंट हळूहळू मागे पडले. पुढे चार-पाच दशकांनी हे जुने सिमेंट पुन्हा या कथेत येते, तेही भलत्याच कारणाने.

रस्त्यासाठी काँक्रीट वापरण्याची अमेरिकेतली पहिली मोठी परीक्षा ओहायोतल्या बेलफाँटेन या लहान गावात झाली. जॉर्ज बार्थोलोम्यू याने गावाजवळ सिमेंटला योग्य असा चुनायुक्त गाळ आणि चिकणमाती शोधून बकआय पोर्टलंड सिमेंट कंपनी काढली. गावातल्या कच्च्या रस्त्यांचा चिखल झाला होता, आणि त्यावर काँक्रीट घालण्याची परवानगी तो मागत होता. नगरपालिकेचा त्याच्यावर विश्वास नव्हता, आणि त्यात वावगे काही नव्हते. इतका मोठा थंडीचा मार खाणारा काँक्रीटचा रस्ता कोणी पाहिलाच नव्हता. १८९१ मध्ये त्याला मेन स्ट्रीटवर कोर्टाच्या इमारतीशेजारी ८ फूट रुंदीची एक पट्टी घालून दाखवू दिली. ती टिकली. १८९३ मध्ये कोर्टाच्या चौकाभोवतालचे रस्ते काँक्रीटचे करायचे ठरले; त्यासाठी बार्थोलोम्यूला ५,००० डॉलरची हमी भरावी लागली आणि रस्ता पाच वर्षे टिकेल असे लिहून द्यावे लागले. रस्त्याचे दोन थर होते: खाली ४ इंचांचा, वर अधिक सिमेंटचा २ इंचांचा. घोड्यांचे खूर घसरू नयेत म्हणून पृष्ठभागावर चौकोनी खोबणी पाडली होती. त्यांपैकी कोर्ट अव्हेन्यू आजही जागेवर आहे. पाच वर्षांच्या हमीवर घातलेला रस्ता शंभरहून अधिक हिवाळे पाहतो, ही गोष्ट नंतरच्या अनेक तज्ज्ञांना अंतर्मुख करणारी ठरली. कारण पुढच्या चाळीस वर्षांत घातलेल्या कितीतरी रस्त्यांना इतके आयुष्य लाभले नाही.

हेन्री फोर्डची मॉडेल टी मोटार १९०८ मध्ये आली. पुढच्याच वर्षी मिशिगनमधल्या वेन काउंटीने डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर सिक्स माइल आणि सेव्हन माइल या रस्त्यांच्या दरम्यान एक मैल लांबीचा काँक्रीट रस्ता घातला. मोटारी वाढल्या तशी त्यांना घरी ठेवण्याची जागाही लागली. घोड्याच्या तबेल्याची जागा गॅरेजने घेतली, आणि तबेल्याकडे जाणारी खडीची किंवा राखेची वाट चाकांखाली रुतू लागली. १९२० च्या दशकातल्या बंगल्यांपुढे दोन चाकांपुरत्या दोन समांतर काँक्रीट पट्ट्या आणि मध्ये हिरवळ अशी ड्राइव्हवेची पद्धत लोकप्रिय झाली. सिमेंट कमी लागे, आणि पावसाचे पाणी मधल्या हिरवळीत जिरे. सिमेंट कंपन्या घरमालकांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढत. ॲटलस पोर्टलंड सिमेंट कंपनीची घराभोवतीच्या आणि शेतावरच्या काँक्रीट कामांवरची पुस्तिका अनेक वर्षे छापली जात होती. तिच्यासारख्या पुस्तिकांमुळे काँक्रीट हा घरच्या घरी करता येण्याजोगा उद्योग झाला.

मात्र या सोपेपणातूनच पहिली मोठी चूक घडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला काँक्रीट घट्ट कालवत आणि धुम्मसने ठोकून बसवत. लोखंडी सळ्यांभोवती काँक्रीट ओतायची वेळ आली तेव्हा ते पातळ करण्याची रीत पडली, आणि पातळ काँक्रीट पन्हळीतून वाहून नेता येते, पसरायला मेहनत लागत नाही, हे सगळ्यांच्या सोयीचे होते. शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमध्ये डफ अब्राम्स याने हजारो चाचण्या करून १९१८ मध्ये दाखवून दिले की काँक्रीटची ताकद प्रामुख्याने पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते: पाणी जितके जास्त, तितकी ताकद कमी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागते त्याहून जादा पाणी वाळल्यावर मागे सूक्ष्म नळ्यांचे जाळे सोडून जाते. थंड हवेत हा दोष दुहेरी ठरतो, कारण त्याच नळ्यांतून बाहेरचे पाणी आत येते आणि तिथेच गोठते. बादलीभर पाणी वाढवून काम सोपे करण्याचा मोह गवंड्यांना आजही आवरत नाही, आणि ड्राइव्हवे खराब होण्याचे सर्वांत जुने कारण अजूनही हेच आहे.

दुसरा धोका लादीच्या खाली होता. हिवाळ्यात ड्राइव्हवेचा एखादा भाग काही इंच वर उचलला जाई आणि वसंतात खाली बसताना तडकून जाई. जमिनीतले पाणी गोठून फुगते म्हणून जमीन उचलली जाते, असे सर्वांना वाटे. पण साधा हिशेब जुळत नव्हता. मातीत असलेले सगळे पाणी ९ टक्क्यांनी फुगले तरी इतकी उंची भरत नाही. साउथ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्हन टेबर या भूवैज्ञानिकाने १९२९ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे कोडे सुटले. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझीन भरून ती गोठवली. बेंझीन गोठताना आक्रसते, तरीही माती वर उचलली गेली. याचा अर्थ असा की गोठणाऱ्या थराकडे खालचा द्रव ओढला जातो आणि तिथे शुद्ध बर्फाचे पापुद्रे एकावर एक वाढत जातात. जमीन उचलली जाते ती या नव्याने आलेल्या पाण्याने; आधीपासून असलेल्या पाण्याच्या फुगण्याचा वाटा लहान.

टेबरच्या प्रयोगातून बांधकामाचा एक थेट नियम निघाला. बर्फाचे पापुद्रे वाढायला तीन गोष्टी लागतात: गोठवणारी थंडी, पाण्याचा पुरवठा आणि पाणी वर ओढू शकणारी बारीक कणांची माती. थंडी कोणाच्या हाती नाही. उरलेल्या दोन गोष्टी हाती आहेत. आर्थर कासाग्रांदे याने न्यू हॅम्पशायरच्या हिवाळ्यात रस्त्यांखालच्या जमिनीची निरीक्षणे केली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी एक कसोटी दिली. वेगवेगळ्या आकाराच्या कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरपेक्षा बारीक कण ३ टक्क्यांहून जास्त असतील तर ती माती थंडीत उचलली जाण्याचा धोका आहे. यात सर्वांत धोक्याची निघाली ती गाळमाती. चिकणमातीत पाणी फार सावकाश सरकते, वाळूत ते वर ओढले जात नाही. गाळमाती दोन्हींच्या मधली, पाणी ओढणारी आणि वाहू देणारी. म्हणून ड्राइव्हवेखालची अशी माती काढून तिथे स्वच्छ खडीचा ४ ते ६ इंचांचा थर घालून दाबून घेण्याची पद्धत रूढ झाली. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत घराचा पाया दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल न्यावा लागतो, म्हणजे तो गोठणाऱ्या थराच्या खाली जातो. ड्राइव्हवे इतका खोल नेणे परवडत नाही. तो जमिनीबरोबर थोडा हलणार हे गृहीत धरूनच बांधावा लागतो, आणि घराच्या पायाशी किंवा गॅरेजच्या जमिनीशी त्याला कधीच एकसंध जोडत नाहीत. मध्ये दबणारी पट्टी घालून सांधा मोकळा ठेवतात. हा मोकळा सांधा नसेल तर न हलणारे घर आणि हलणारी वाट यांच्या ओढाताणीत तडा ठरलेलाच.

सांधे कुठे आणि किती अंतरावर असावेत हेही अनुभवातूनच कळले. सुरुवातीच्या अनेक रस्त्यांना सांधेच नव्हते आणि ते स्वतःच्या मर्जीने तडकले. इलिनॉय राज्याने १९२२ आणि १९२३ मध्ये बेट्स इथे वेगवेगळ्या जाडीचे आणि प्रकारचे रस्त्याचे तुकडे बांधून त्यांवर भरलेले ट्रक फिरवले. त्यातून लादीच्या कडा आणि कोपरे हे तिचे दुबळे भाग आहेत हे सिद्ध झाले, आणि मधोमध लांबीचा सांधा घालण्याची रीत पसरली. आज ४ इंच जाडीच्या ड्राइव्हवेला साधारण दर ८ ते १० फुटांवर, जाडीच्या एक चतुर्थांश खोलीचा काप देतात. तडा जाणारच असेल तर तो या कापाखाली, डोळ्यांआड जावा हा त्यामागचा हेतू.

पाणी आटोक्यात आले, भराव सुधारला, सांधे पडले, तरी १९३० च्या दशकात थंड राज्यांतले रस्ते एका वेगळ्याच दुखण्याने खराब होत होते. वरच्या पृष्ठभागाचे पातळ पोपडे निघत आणि आतली खडी उघडी पडे. ताकद तपासली तर काँक्रीट पक्के निघे. न्यूयॉर्क राज्यात मात्र काही रस्ते या दुखण्यातून वाचलेले आढळले, आणि ते का वाचले याचा माग घेतला गेला. त्यांतल्या काही रस्त्यांत पोर्टलंड सिमेंटमध्ये रोझेंडेलचे नैसर्गिक सिमेंट मिसळले होते. आणि त्या सिमेंटचे दगड दळताना चक्की सुलभ चालावी म्हणून गुरांची चरबी घातली जाई. चांगल्या आणि वाईट रस्त्यांतले नमुने तोलून पाहिले तेव्हा टिकलेल्या काँक्रीटचे वजन थोडे कमी भरले. चरबीचे मिश्रणाच्या पाण्यात साबणासारखे संयुग बनत होते आणि कालवताना काँक्रीटमध्ये असंख्य बारीक बुडबुडे अडकत होते. रस्ता वाचला तो नैसर्गिक सिमेंटमुळे नव्हे, तर त्यासोबत आलेल्या हवेमुळे.

काँक्रीटच्या इतिहासात इतका महत्त्वाचा आणि इतका अनपेक्षित शोध दुसरा क्वचितच असेल. तोवरचे सगळे शास्त्र काँक्रीट भरीव करण्याच्या मागे होते. पोकळी म्हणजे दोष, असा सर्वांचा समज होता. आता उलट सांगावे लागणार होते की त्यात मुद्दाम हवा भरा. काँक्रीटमधली प्रत्येक टक्का हवा त्याची दाबाची ताकद सुमारे ५ टक्क्यांनी कमी करते, आणि ताकदीवरच मालाची किंमत ठरत असल्याने पुरवठादार आणि कंत्राटदार बिथरणे साहजिक होते. ताकद आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे थंडीने या व्यवसायाला शिकवले. सुदैवाने बुडबुड्यांमुळे मिश्रण सहज पसरते, त्यामुळे पाणी कमी करता येते आणि गेलेल्या ताकदीचा बराच भाग परत मिळतो. चरबीऐवजी पाइनच्या बुंध्यांतून निघणाऱ्या राळेपासून बनवलेले व्हिन्सॉल रेझिन वापरात आले, आणि १९४२ मध्ये हवायुक्त सिमेंटसाठी अमेरिकन मानक ठरले.

हवा कशी वाचवते, याचा उलगडा पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत टी. सी. पॉवर्स याने केला. १९४५ मध्ये त्याने असे मांडले की सिमेंटच्या घट्ट लगद्यात पाणी गोठू लागले की न गोठलेले पाणी बाजूला ढकलले जाते. जवळ मोकळी जागा नसेल तर त्या अरुंद नळ्यांत प्रचंड दाब निर्माण होऊन लगदा फाटतो. बुडबुडा ही ती मोकळी जागा. १९४९ मध्ये त्याने बुडबुड्यांमधले अंतर किती असावे याचा हिशेब दिला, आणि तोच आजच्या नियमांचा पाया आहे: लगद्यातल्या कोणत्याही बिंदूपासून जवळचा बुडबुडा सुमारे ०.२ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. एकूण हवा किती, यापेक्षा ती किती बारीक वाटली गेली आहे हे महत्त्वाचे. कालवताना चुकून राहिलेल्या मोठ्या पोकळ्या दिसायला खूप, पण कामाला निरुपयोगी.

पॉवर्सचा खरा मोठेपणा त्याच्या पुढच्या कामात दिसतो. १९५३ मध्ये हेल्मथ या सहकाऱ्याबरोबर केलेल्या मोजमापांत त्याला आढळले की हवायुक्त लगदा गोठताना फुगत नाही, तो आक्रसतो. आणि पाणी बर्फापासून दूर जाण्याऐवजी बर्फाकडे ओढले जाते. त्याने आपल्या आधीच्या गृहीतकाला मुरड घातली. मातीत टेबरने पाहिलेली ओढच इथे काँक्रीटच्या आत होती: थेंबाथेंबाने पाणी बर्फाकडे सरकते आणि बर्फ वाढतो. बुडबुडा जवळ असेल तर तो बर्फ बुडबुड्यातच साठतो आणि भोवतालचा लगदा उलट कोरडा होत जातो. १९७४ मध्ये ब्युडॉइन आणि मॅकइनिस यांनी बेंझीन भरलेल्या सिमेंट लगद्यावर प्रयोग केला आणि टेबरच्या मातीप्रमाणे तोही गोठताना फुगला. लादीच्या खाली आणि लादीच्या आत एकच क्रिया चालते, हे कळायला चार दशकांहून अधिक काळ लागला.

हवेचा शोध अगदी वेळेवर लागला, कारण त्याच सुमारास रस्त्यांवर मीठ आले. न्यू हॅम्पशायरने १९३८ पासून बर्फ वितळवण्यासाठी मिठाचे प्रयोग केले, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या हमरस्त्यांवर सुमारे ५,००० टन मीठ पडले. युद्धानंतर रस्ता हिवाळाभर मोकळा आणि काळा दिसलाच पाहिजे असे धोरण झाले आणि मिठाचा वापर अतोनात वाढला. डेट्रॉइट शहराच्या खालीच मिठाची खाण असल्याने मिशिगनमध्ये तर ते हाताशी होते. मीठ पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. त्यामुळे जे काँक्रीट कोरड्या बर्फाखाली शांत राहिले असते ते खारट चिखलात सतत भिजत राहते. घरमालकाने स्वतः चिमूटभर मीठ टाकले नाही तरी मोटारीच्या चाकांखालून आणि मडगार्डमधून गळणारा खारा चिखल ड्राइव्हवेवर येतोच. म्हणून पोपडे बहुधा मोटार उभी राहते त्याच जागी आधी निघतात.

याबाबत १९५७ मध्ये व्हर्बेक आणि क्लीगर यांनी केलेले निरीक्षण चमत्कारिक वाटावे असे आहे. सर्वांत जास्त पोपडे २ ते ४ टक्के मिठाच्या द्रावणाने निघतात. त्याहून तीव्र द्रावण कमी नुकसान करते. मिठाचा हल्ला केवळ रासायनिक नाही, हे यावरून कळले. प्रिन्स्टनच्या व्हॅलेंझा आणि शेरर यांनी २००० च्या दशकात त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले. काँक्रीटवर गोठलेला बर्फाचा थर तापमान आणखी उतरल्यावर काँक्रीटपेक्षा कितीतरी अधिक आक्रसतो आणि तडकतो. तो तडा पृष्ठभागातच शिरतो आणि वरचा पातळ थर उचलून काढतो. शुद्ध पाण्याचा बर्फ मजबूत असल्याने सहसा तडकत नाही, फार खारट बर्फ मऊ असल्याने ताणच धरत नाही. मधल्या प्रमाणातला बर्फ मात्र नेमका तडकतो.

याचा अर्थ ड्राइव्हवेचे आयुष्य वरच्या काही मिलिमीटरच्या थरावर अवलंबून असते, आणि तो थर गवंड्याच्या थापीखाली घडतो. ताजे काँक्रीट पसरल्यावर काही वेळाने त्याच्या पृष्ठभागावर पाणी सुटते. ते उडून जाण्याआधीच थापी फिरवली तर पाणी वरच्या थरात कोंडले जाते, आणि तिथला लगदा पातळ, कमजोर राहतो. पाणी टिपण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरणे हा जुना खोटा उपाय त्याहून वाईट. पोलादी थापीने घोटून आरशासारखी गुळगुळीत केलेली जमीन घराच्या आत शोभते. बाहेर तीच थापी वरच्या थरातले बुडबुडे दाबून बाहेर काढते, आणि पृष्ठभागाला सर्वाधिक गरज असलेली हवाच नाहीशी होते. म्हणून बाहेरच्या लादीवर हलका रंधा फिरवून शेवटी झाडूने आडव्या रेघा ओढतात. त्याने पकडही मिळते. युद्धानंतर वाढलेल्या उपनगरांत तयार काँक्रीट ट्रकने दारात येऊ लागले. ओहायोतल्या कोलंबसच्या स्टीव्हन स्टेपनियनने अशा ट्रकसाठी १९१६ मध्ये मागितलेले पेटंट नाकारले गेले होते, पण त्याच कल्पनेने आता घरबांधणीचा वेग बदलला. मिश्रण कारखान्यात मोजून होऊ लागले, हवा नळीत मोजता येऊ लागली, आणि चांगल्या-वाईट ड्राइव्हवेचा फरक आता मुख्यतः पसरणाऱ्या आणि घोटणाऱ्या हातांत उरला.

त्यानंतरचे काम म्हणजे पाणी मारणे. सिमेंटची क्रिया पूर्ण व्हायला ओल लागते. पूर्वी त्यासाठी ओले गोणपाट, गवत किंवा माती पसरत, आता पांढरे द्रव आवरण फवारतात. शरदात उशिरा ओतलेल्या ड्राइव्हवेचे नशीब नेहमीच वाईट राहिले आहे. पहिल्यांदा गोठण्याआधी काँक्रीटने दर चौरस इंचाला ५०० पौंडांची ताकद तरी धरलेली हवी, आणि मिठासह वारंवार गोठण्यासाठी ती बरीच अधिक म्हणजे सुमारे ३,५०० पौंड हवी, त्यात मधला काही काळ ते कोरडेही झालेले हवे. म्हणून पहिल्या हिवाळ्यात मिठाऐवजी वाळू टाकावी, असा सल्ला देतात. अमोनियमयुक्त खते तर कधीच टाकू नयेत, ती सिमेंटला थेट खातात. १९५० ते १९७० च्या दशकांत रस्त्यांना आणि ड्राइव्हवेला उकळलेले जवसाचे तेल पातळ करून लावण्याची पद्धत होती. पुढे तिची जागा सिलेनसारख्या आत मुरणाऱ्या द्रव्यांनी घेतली, जी पाणी अडवतात पण वाफ बाहेर जाऊ देतात.

एवढे सगळे करूनही काही ड्राइव्हवे सांध्यांजवळ काळवंडून चिरत गेले. १९३० च्या दशकापासून मध्यपश्चिमेत दिसलेल्या या चिरा लगद्यातल्या नसून खडीतल्या होत्या. काही सच्छिद्र चुनखडी पाणी धरून ठेवते आणि स्वतःच गोठून फुटते. भोवतालच्या लगद्यात कितीही हवा असली तरी तिचा उपयोग होत नाही. उपाय दोनच निघाले: खडी लहान आकाराची घेणे किंवा खाणच बदलणे.

या सगळ्या अनुभवाचे आजचे रूप मानकांत बंद झाले आहे. कॅनडाचे मानक मीठ आणि गोठणे दोन्ही सोसणाऱ्या साध्या लादीसाठी पाण्याचे सिमेंटशी प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ देत नाही, २८ दिवसांची ताकद किमान ३२ मेगापास्कल मागते आणि नेहमीच्या आकाराच्या खडीसाठी ५ ते ८ टक्के हवा मागते. अमेरिकेत दर चौरस इंचाला ४,५०० पौंड आणि ६ टक्क्यांच्या आसपास हवा हे नेहमीचे आकडे. भारतीय मानक आयएस ४५६ मध्येही गोठणाऱ्या हवेसाठी एम-५० पेक्षा खालच्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये २० मिलिमीटर खडीला सुमारे ५ टक्के हवेची तरतूद आहे. महाराष्ट्रात तिचे काम पडत नाही. हिमालयातल्या बांधकामांत पडते. आणि डेट्रॉइट, शिकागो, टोरांटोच्या उपनगरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या दारापुढे ती रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे.

बर्फ वितळवण्याचे दुसरे मार्गही शोधले गेले. ओरेगॉनमधल्या क्लामथ फॉल्स इथे १९४८ मध्ये भूगर्भातल्या गरम पाण्याच्या नळ्या रस्त्यात घातल्या. मिशिगनमधल्या हॉलंड शहराने १९८८ पासून वीजकेंद्राच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर आपल्या रस्त्यांखालची नळ्यांची यंत्रणा चालवली. घरांपुढे ही व्यवस्था महाग पडते, त्यामुळे मीठ कायम राहिले, आणि त्यात गेल्या काही दशकांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडची भर पडली. हे क्षार कमी तापमानातही काम करतात, पण सिमेंटमधल्या चुन्याशी त्यांचा संयोग होऊन कॅल्शियम ऑक्सिक्लोराइड बनते. ते जागा व्यापते आणि सांध्याच्या भिंती आतून उकलते. हवेचे बुडबुडे या रासायनिक हल्ल्यापुढे असहाय आहेत. म्हणून सिमेंटचा एक भाग काढून त्याजागी औष्णिक केंद्रातली राख किंवा पोलाद भट्टीची मळी घालण्याकडे कल वाढला आहे, कारण ती चुना खाऊन टाकतात. मात्र अशा मिश्रणाची ताकद थंडीत सावकाश चढते, आणि ते लवकर ओतून, जास्त दिवस ओले ठेवून, हिवाळ्याच्या बऱ्याच आधी तयार करावे लागते.